पळस तोडू नका, आणि पळसपापडी चमच्याने देऊ नका
(ऊस विकास विभागाकडून)



गळीत हंगाम आटोपत आला की शेतकी खात्याच्या माणसाला दोन भांडणे सोडवावी लागतात. पहिले तोडणीच्या चिठ्ठीचे. ते दरवर्षीचेच आहे, त्यावर आज लिहीत नाही. दुसरे धुऱ्यावरच्या झाडाचे. अमक्याच्या पळसाची सावली तमक्याच्या खोडव्यावर पडते, दोन सऱ्या बारीक राहिल्या, साहेब तुम्हीच या आणि सांगा, झाड ठेवायचे की काढायचे. आम्ही जातो, पाहतो, आमचे मत सांगतो. ते एका पक्षाला पटते, दुसऱ्याला पटत नाही. तेव्हा या खेपेस ते छापूनच मांडावे असे ठरवले, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना निदान पूर्ण वाचून रागावता येईल.

आमचे मत असे की धुऱ्यावरचा जुना पळस राखावा. पण हे मत मांडताना दुसरी एक गोष्टही सांगणे भाग आहे. ज्या घरात पळसावर कुऱ्हाड चालते, त्याच घरात अलीकडे पळसाची औषधे मात्र फार चालू झाली आहेत. कोणाच्या तरी सांगण्यावरून बियांची पूड पोरांना, फुलांचा काढा काविळीला, मुळाचा अर्क डोळ्यांत. झाड नको आणि त्याचे औषध मात्र वाटेल तितके हवे, हा काय प्रकार आहे, यावर थोडे बोलू.

आधी बेसा गटाचे बघा. नागपूरहून मानेवाड्याच्या रस्त्याने बेसाकडे येताना पूर्वी काळी वावरे, धुरे आणि धुऱ्यांवर पळस, बाभूळ, बोर, कडुनिंब असे चित्र होते. आज बेसा, पिपळा, बेलतरोडी या पट्ट्यात वावरापेक्षा लेआऊट जास्त झाले आहेत. वावराचे प्लॉट पडले की पहिल्या दिवशी मशीन धुऱ्यावरच चालते, कारण धुरा हा कोणाच्याच नकाशात बसत नाही. पळस कोणी लावलेला नसतो, म्हणून तो गेला तरी कोणाचे काही गेले असे वाटत नाही. आंबा तोडला तर शेजारी विचारतो, चिंच तोडली तर म्हातारी माणसे बोलतात. पळसासाठी बोलणारे कोणी नाही. जी वावरे अजून उसाखाली आहेत, तिथल्या धुऱ्यांवरच आता या भागातला जुना पळस उरलेला आहे. म्हणजे तो राखणे किंवा न राखणे हे आपल्याच सभासदांच्या हातात आहे.

पळसाची ओळख आपल्याला करून देण्याची गरज नाही. जावे तिकडे पळसाला पाने तीनच, ही म्हण शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. माघ-फाल्गुनात सारी पाने झडतात आणि झाड केशरी फुलांनी पेटल्यासारखे दिसते. फूल राघूच्या चोचीसारखे वाकडे, म्हणून संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात. हा राघू तर नव्हे, असा त्या नावाचा अर्थ. पलीकडे छत्तीसगडात याला परसा म्हणतात, झारखंडाने तर हे आपले राज्यफूल केले आहे. शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. त्यातले ब्युटिया हे ब्यूटच्या अर्ल नावाच्या एका स्कॉटिश सरदारावरून आले आहे, त्याच्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही; पण मोनोस्पर्मा म्हणजे एक बी असलेला, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. चपटी शेंग, तिच्या टोकाला एकच चपटे तांबूस बी. तीच आपली पळसपापडी. सारा गोंधळ या पापडीभोवतीच आहे.

आपल्याकडे या झाडाचा उपयोग औषधाआधी घरकामात आणि वावरात झाला. पत्रावळी आणि द्रोण पळसाचे. मुंजीत बटूच्या हातातला दंड पळसाचा, होमाच्या समिधा पळसाच्या. मुळाची साल ठेचून तिच्या धाग्यांचे दोर वळत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात ते पळसाच्या पानाने, आणि आपल्या विदर्भात पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे ठेवून दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे रोगराई घेऊन जा म्हणत गावाबाहेर नेऊन टाकतात. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी मेढे ठेवण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. मेढ्यासाठी फांदी कुठून आणणार, हा विचार मात्र पळस तोडताना होत नाही.

होळीचा रंगही याचाच. फुले रात्रभर पाण्यात भिजवली किंवा उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो, त्यात थोडा चुना टाकला तर तो गडद होतो. आपल्याकडे उन्हाळा लागताना याच पाण्याने पोट्ट्यांना आंघोळ घालतात, ऊन बाधू नये म्हणून. ही आंघोळ चांगली की वाईट असे लोक आम्हाला विचारतात. आम्ही कृषी पदविकेवर नोकरीला लागलेली माणसे, वैद्य नव्हे. पण एवढे आम्ही समजतो की गार, रंगीत, फुलांच्या पाण्याने आंघोळ करून पोर खूश होत असेल तर त्यात वाईट काही नाही. मात्र आंघोळ घातली म्हणून भर दुपारी पोराला उसाच्या फडात नेऊ नये. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथे सावली, पाणी आणि डोक्याला दुपट्टा हेच खरे.

आता औषधाचे. आयुर्वेदात पळस हे थोर झाड आहे यात वाद नाही. भावप्रकाशासारख्या निघंटूत त्याची गणना वड-पिंपळाच्या वर्गात केली आहे. साल, फूल, बी, डिंक, पान, आणि झाड जाळून केलेला क्षार, अशा सगळ्या अंगांचे निरनिराळे गुण त्यात सांगितले आहेत. पण त्याच शास्त्रात रोग्याचे बल, वय, काळ, मात्रा, अनुपान हेही सांगितले आहे. आपण त्यातले झाडाचे नाव तेवढे उचलतो आणि बाकीचे सोडून देतो. आमची तक्रार शास्त्राबद्दल नाही, या अर्ध्या उचलीबद्दल आहे.

पळसपापडीचेच घ्या. जंतावर पळसाचे बी, हे ज्ञान आपल्या आज्या-पणज्यांना होते आणि ते खोटे नाही. १९६० च्या दशकात आपल्याच देशातल्या संशोधकांनी या बियांतून जंत मारणारे द्रव्य वेगळे काढले, त्याला पलासोनिन असे नाव पडले. म्हणजे म्हातारीचे म्हणणे प्रयोगशाळेत खरे ठरले. इथपर्यंत सांगून लोक थांबतात, आणि मग पूड करून पोराला गुळाबरोबर एक चमचा देतात. पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. हे पलासोनिन रचनेने कॅन्थॅरिडिनच्या जवळचे आहे. आपल्याला हे नाव अपरिचित वाटेल, पण तो किडा अपरिचित नाही. बाजरीच्या कणसावर, तुरीच्या फुलावर जे हिंगे येतात, ज्यांना हाताने चिरडले तर कातडीवर फोड येतो, त्या जातीच्या भुंगेऱ्यांच्या अंगातले विष म्हणजे कॅन्थॅरिडिन. पोटात गेले तर आतडी आणि मूत्रपिंड दोन्हींना इजा करते. पळसपापडी हिंग्याइतकी जहाल आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे द्रव्य जंताला मारते त्याचे गोत्र हे आहे. तेव्हा चमचा, चिमूट, मूठ ही मापे इथे चालणार नाहीत. फवारणीचे औषध आपण पंपाला किती मिली टाकायचे हे बाटलीवर पाहून टाकतो आणि पोटच्या पोराला मात्र अंदाजाने देतो, हे कसे?

गेल्या काही वर्षांत आमच्या कानावर असे दोन-तीन प्रकार आले. एका घरी सहा वर्षांच्या मुलाला सलग चार दिवस पूड दिली, पाचव्या दिवशी उलट्या आणि पोटात कळा. दवाखान्यात सलाईन लागले, मूल वाचले. दुसऱ्या ठिकाणी तर पूड पळसाचीच होती की आणखी कशाची हेही कोणाला सांगता आले नाही, कारण ती बाजारातून पुडीत बांधून आणलेली होती. घरच्या लोकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मूल दात खाते, नाकाशी खाजवते, अंगी लागत नाही, मग आई काय करणार? पण जंतासाठी आज सरकारी दवाखान्यात, अंगणवाडीत आणि शाळेत गोळी फुकट मिळते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. दोन वर्षांवरच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची एक, त्याहून लहान असेल तर अर्धी. तिची मात्रा ठरलेली आहे, परिणाम तपासलेला आहे. ज्या दिवशी मूल शाळेत गेले नाही त्या दिवसाची गोळी चुकते, तेवढी आशाताईंकडून मागून घ्यावी.

हे आम्ही विशेषतः तोडणीच्या टोळ्यांसाठी सांगतो. सभासदांनी मनावर घेतले तर ते तिथपर्यंत पोहोचेल. टोळीची पोरे सहा महिने कोपीत राहतात, ना या गावच्या अंगणवाडीत, ना त्या गावच्या. अनवाणी ओल्या मातीत फिरतात, आणि आकडेकृमी तळपायाच्या कातडीतूनच आत शिरतो. त्यांच्या नशिबी गोळी येत नाही, पळसपापडी येते. ज्यांच्या वावरात टोळी उतरली असेल त्यांनी एक दिवस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवले तर काम होते. ऊस लवकर तुटावा म्हणून मुकादमाला आपण किती फोन करतो! त्यातला एक फोन इकडे करावा.

गजकर्णावर पळसाचे बी लिंबाच्या रसात उगाळून लावण्याची रीत आहे. ही सुद्धा जुनी आणि बऱ्याच ठिकाणची रीत आहे. पण वर हिंग्याचे जे सांगितले ते आठवा. नाजूक जागी, जांघेत, लहान मुलाच्या अंगावर हा लेप लावून कातडी सोललेली माणसे डॉक्टरांकडे जातात. मेडिकलमधून आपल्या मनाने मलम आणून लावणेही तितकेच वाईट, कारण त्यातल्या स्टेरॉइडने खाज आठ दिवस थांबते आणि गजकर्ण वाढत राहते. घामाने ओला कपडा बदलणे, अंग कोरडे ठेवणे आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध पुरे करणे, एवढे केले तर बरे होते.

पळसाच्या डिंकाबद्दल आमचे मत बरेच मवाळ आहे. सालीला खाच पडली की लाल माणकासारखा डिंक ओघळतो. हिंदी मुलखात त्याला कमरकस म्हणतात, इंग्रजांच्या काळात बंगाल किनो या नावाने तो परदेशीही ओळखला जाई. तुरट आहे, कारण त्यात टॅनिन भरपूर. बाळंतिणीच्या लाडवात काही ठिकाणी तो घालतात. आपल्याकडे बाभळीचा नाही तर धावड्याचा डिंक जास्त चालतो, पळसाचा लाल म्हणून लगेच ओळखू येतो. मोठ्या माणसाच्या साध्या जुलाबात तुरट वस्तूने बरे वाटत असेल. पण लहान मुलाला हगवण लागली असता डिंक देऊन ती दाबू पाहणे धोक्याचे आहे. मूल मरते ते जुलाबाने नाही, अंगातले पाणी गेल्याने.

आणि इथे एक गोष्ट ऊस उत्पादकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. त्या पाणी जाण्यावरचे औषध आपल्या वावरात पिकते! एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मापाचा चमचा चहाचा, आणि मीठ जास्त होता कामा नये. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने शोषले जातात आणि जाताना पाणी बरोबर ओढून नेतात, एवढेच त्याचे मर्म. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे, पटकीची साथ आली तेव्हा शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तिथे डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज आणि मिठाचे पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या उपचाराला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. महालनबिस २०२२ साली वारले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आज दवाखान्यात ओआरएसची पुडी मिळते, ती उत्तम, सोबत झिंकची गोळी १४ दिवस. पुडी हाताशी नसेल तेव्हा घरची साखर आहेच. साखरेला सगळे विष म्हणू लागले असताना आम्हाला हा दाखला द्यावासा वाटतो. आमचा पगार साखरेतून येतो हे वाचकांनी धरूनच वाचावे.

फुलांचा काढा काविळीवर देतात. याच्या बाजूने एक पुरावा सांगितला जातो तो असा की १९८६ मध्ये जर्मन आणि जपानी संशोधकांनी पळसाच्या फुलांतली ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन ही द्रव्ये यकृताचे रक्षण करतात असे दाखवले. हे खरे आहे. पण ते काम प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या यकृतपेशींवरचे, माणसाच्या काविळीवरचे नव्हे. हा फरक आपल्याला समजायला अवघड नाही. कुंडीत जोमदार आलेले बेणे वावरात एकरी किती टन देईल, हे कुंडीवरून कोणी सांगतो काय? पुष्कळदा कावीळ आपल्या आपण बरी होते आणि यश काढ्याला मिळते. ज्या वेळी ती आपल्या आपण बरी होणार नसते, त्या वेळी काढ्यात गेलेले आठ दिवस महाग पडतात. दूषित पाण्याने होणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते. लघवी गडद पिवळी आणि डोळे पिवळे दिसले की गरोदर बाईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, मांत्रिक आणि काढा दोन्ही बाजूला ठेवून.

गरोदरपणाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. पळसाच्या फुलांतल्या द्रव्यांचा उंदरांवर प्रयोग झाला तेव्हा त्यांनी गर्भ धरण्यात अडथळा आणला. आपल्याकडच्या जुन्या बायकांनाही पळसाचे बी याच कामी माहीत होते, उघड कोणी बोलत नसे इतकेच. तेव्हा दिवस गेलेल्या किंवा मूल हवे असलेल्या बाईने पळसाचे फूल, बी काहीही पोटात घेऊ नये. "झाडपाला आहे, अपाय होत नाही" हे वाक्य आमच्या भगिनींनी कानाआड करावे. धोतराही झाडपालाच आहे.

मुळाच्या अर्काबद्दल आम्ही दोनच ओळी लिहितो, कारण त्याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही. मोतीबिंदू डोळ्यांत थेंब घालून विरघळत नाही. तो शस्त्रक्रियेनेच जातो, आणि ती सरकारी रुग्णालयात फुकट होते. मोतीबिंदू आणि मधुमेह असल्या रोगांवर हमखास गुण येण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही आठवडी बाजारात गाडीवर कर्णा लावून हे अर्क विकले जातात. बाटली विकून गाडी पुढच्या गावी जाते, डोळा आपल्याजवळ राहतो.

इतके सगळे वाचून कोणी म्हणेल, मग पळसाचे औषध घ्यायचेच नाही तर झाड ठेवायचे कशाला? असे विचारणारे सभासद आम्हाला भेटलेले आहेत. आमचे उत्तर असे की घ्यायचे नाही असे आम्ही म्हटलेच नाही. ज्याला घ्यायचे त्याने शिकलेल्या वैद्याकडून घ्यावे. आपल्या बेसा गटाला तर सक्करदऱ्याचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय जवळ आहे. तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो, नाडी पाहून, वय-वजन पाहून औषध देतात. इकडे मिहानमध्ये एम्स झाले आहे. दोन्ही बाजूंचे जाणते हाताशी असताना व्हॉट्सॲपवरच्या वैद्याचे ऐकण्याची पाळी आपल्यावर यावी, याचे आम्हाला नवल वाटते. आणि वैद्य म्हणेल तेव्हा ताजे फूल, खात्रीचे बी लागेल, ते कुठून यायचे? धुऱ्यावर झाड असेल तर ते आपल्या ओळखीचे असते. पुडीतले बी कोणत्या झाडाचे आणि किती वर्षांचे, हे देव जाणे.

आता धुऱ्याच्या भांडणाकडे येऊ. सावलीचे म्हणणे आम्ही नाकारत नाही. ऊस हे उन्हाचे पीक आहे, झाडाखाली दोन सऱ्या मार खातात. पण पळस हा वड किंवा चिंचेसारखा दाट पसरणारा नाही, आणि ऊस फुटव्यावर असतो त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो निष्पर्ण उभा असतो. उन्हाळ्यात पाने येतात तेव्हा खालच्या फांद्या छाटल्या तर भांडण निम्मे मिटते. छाटलेली पाने म्हशी खातात. ज्या दोन सऱ्या तरीही बारीक राहतात तिथे लागणीऐवजी घरच्यापुरती हळद घ्या, हळदीला थोडी सावली मानवते.

दुसरे म्हणणे हुमणीचे. झाडे असली की हुमणी वाढते असे सांगून धुरे साफ करणारे सभासद आहेत. यात उलटे झाले आहे. पहिल्या वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून रात्री झाडावर पाला खायला जमतात, कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर विशेष. झाड असेल तर ते एका जागी सापडतात; फांद्या हलवून खाली पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. झाडच नसेल तर ते शेजाऱ्याच्या झाडावर जमतील, आणि अंडी घालायला मादी तुमच्याच उसात येईल. गावाने मिळून चार रात्री हे काम केले तर नंतरच्या औषधाचा खर्च पुष्कळ वाचतो. झाडाचा दोष नाही, आपल्या आळसाचा आहे.

तिसरी गोष्ट पाणथळ आणि खारवट जमिनीची. पाटाचे पाणी बेसुमार देऊन ज्यांची वावरे चोपण झाली, तिथे काहीच उभे राहत नाही अशी ओरड आम्ही ऐकतो. पळस निचरा नसलेल्या आणि खारवट जमिनीतही तग धरतो. पडीक झालेल्या कोपऱ्यात सुबाभळीमागे धावण्यापेक्षा हा घरचा गडी बरा. लाखेचेही पुष्कळ जण विचारतात. पळसावर लाखेचा किडा पोसतो हे खरे, रंगीनी जातीची लाख पळस आणि बोरीवरच घेतात, आणि आपल्या पूर्व विदर्भात गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे हा धंदा जुना आहे. परंतु आपल्या भागात चार धुऱ्यांवरच्या चार झाडांवर लाख घेऊन कोणी श्रीमंत होईल असे आम्ही सांगणार नाही. कडक उन्हाळ्यात किडा मरतो, आणि बीजलाख आणून बांधायला शिकलेला माणूस लागतो. ज्याची दहा-वीस झाडे एका जागी असतील त्याने तिकडे जाऊन आधी पाहून यावे, मग बोलावे.

आमचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे मात्र कुऱ्हाडीबद्दल नाही, काडीबद्दल आहे. तोडणी झाल्यावर पाचट पेटवले जाते, ते धुऱ्यापर्यंत जाते, आणि नेमका त्याच वेळी पळस फुलावर असतो. बुंधा एकदा भाजला, दुसऱ्यांदा भाजला, तिसऱ्या वर्षी झाड पोकळ होऊन वाऱ्याने पडते. मग म्हणायचे, आम्ही कुठे तोडला, तो आपोआप पडला. पाचट जाळू नका, कुजवा, हे आम्ही जमिनीसाठी वर्षानुवर्षे सांगत आलो. खोडव्यात एक आड एक सरीत पाचट दाबून वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू खत टाकले तर ते कुजते, ओल टिकते. ज्यांना जमिनीसाठी पटले नाही त्यांना झाडासाठी तरी पटते का, हे आम्ही पाहणार आहोत. आणि ज्याला जाळल्याशिवाय चैनच पडत नाही त्याने निदान धुऱ्यालगतच्या पाच-सहा सऱ्यांतले पाचट आधी आत ओढावे.

संचालक मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवल्या आहेत. कारखान्याच्या रोपवाटिकेत उसाच्या रोपांबरोबर पळसाची दोन-चार वाफे रोपे करावीत आणि पावसाळ्यात मागेल त्या सभासदाला द्यावीत. दुसरी सूचना अशी की हंगाम संपल्यावर एक दिवस आयुर्वेद महाविद्यालयातले एक जाणते वैद्य आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, दोघांनाही एकाच मंडपात बोलवावे. ज्यांना पळसपापडीबद्दल शंका असेल त्यांनी ती दोघांसमोर विचारावी. भगिनींनी अवश्य यावे, कारण घरातले औषध त्यांच्या हातून जाते. तारीख ठरली की गट कार्यालयाच्या फळ्यावर लावू.

रोपांसाठी बी आपल्याच धुऱ्यावरून हवे आहे. शेंगा एप्रिल-मेमध्ये वाळून गळू लागतात. झाडाखालच्या भुंग्याने पोखरलेल्या शेंगा नकोत. झाडावरच्या, पिवळट-तपकिरी झालेल्या काढून सावलीत वाळवाव्यात. बी ताजेच उगवते, वर्षभर ठेवले तर फुकट जाते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत पिशवीत भरून बेसा गट कार्यालयात आणून द्यावे. पिशवीवर आपले नाव आणि वावराचा गट क्रमांक लिहावा, आणि घरी पोरांच्या हाती लागेल अशा जागी ती ठेवू नये.